गच्चीवरचा गरम वारा

एसी टेम्पोतून उतरला तेव्हा आमच्या गल्लीतल्या निम्म्या बायका दारात होत्या आणि उरलेल्या खिडकीत. मी पूर्वीला कडेवर घेऊन टेम्पोला इतकी चिकटून उभी होते की ड्रायव्हर वैतागला. "ताई, बाजूला व्हा ना, पायावर पडेल!" मला बाजूला होववतच नव्हतं. माझ्या लेकीची झोप त्या खोक्यात भरून आली होती.

पूर्वी दहा महिन्यांची. उन्हाळा लागला तसं तिच्या मानेवर, पाठीवर, कोपराच्या खाचांत घामोळं उठलं आणि बघता बघता त्याचे लाल चट्टे झाले. ती खाजवायची, रडायची, डोळा लागला की पुन्हा खाजवत उठायची. कडुलिंबाचं पाणी झालं, चंदन झालं, तिच्या चिमुकल्या हातांना मोजे घालून झाले. डॉक्टरांनी चष्म्यावरून बघत सांगितलं, "घाम येऊ देऊ नका." डहाणूत, चैत्रात, समुद्र हाकेच्या अंतरावर असताना घाम येऊ देऊ नका! मला तिथे हसू आलं आणि बाहेर रिक्षात बसल्यावर रडू.

माझा नवरा अनिकेत तलासरीच्या तहसील कचेरीत नोकरीला आहे. सकाळच्या एसटीने जातो, दिवे लागताना परत येतो. साधी बादली घ्यायची तरी चार दुकानं हिंडणारा हा माणूस. पण एका रात्री त्याने पूर्वीची पाठ बघितली आणि दुसऱ्या दिवशी एसी ठरवूनच घरी आला.

घरात दोन विरोधी पक्ष होते. पहिला माझ्या सासूबाईंचा. "लेकराच्या छातीत गारठा बसेल," आई म्हणाल्या. "आम्ही काय पोरं एसीत वाढवली?" पण खोकं दारात आल्यावर त्याला हळदकुंकू त्यांनीच लावलं, नारळही फोडला. पूर्वीच्या दुपट्याला ओव्याची पुरचुंडी बांधता बांधता मला म्हणाल्या, "पूजा केली म्हणजे पटलं असं समजू नकोस हं."

दुसरा पक्ष सासऱ्यांचा. बाबा रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त झाले, पण घरातल्या विजेवरचं त्यांचं राज्य काही संपलं नाही. लोकांच्या खिशाला पेन असतं, बाबांच्या खिशाला टेस्टर. झोपायच्या आधी फ्रिज सोडून घरातल्या सगळ्या पिना काढणार.

"हे घर बांधलं तेव्हा ह्या भिंतींत पंख्यांची आणि दिव्यांची वायर टाकली होती," ते म्हणाले. "तुम्ही तिच्यावर हत्ती बसवताय."

"बाबा, एक टनाचाच आहे," अनिकेत म्हणाला.

"मग हत्तीचं पिल्लू."

शेवटी बाबांनी अटी घातल्या. एसी सव्वीसच्या खाली जायचा नाही. सोबत पंखा बारीक चालवायचा. खिडकीला जाड पडदा लावायचा. आणि गच्चीला चुना मारायचा, म्हणजे छत कमी तापेल आणि यंत्राला कमी राबावं लागेल. आमचं घर उभं आहे, खाली आई-बाबा, वर आमची खोली, तिच्यावर गच्ची. अनिकेतने एका सकाळीत गच्ची पांढरीशुभ्र करून टाकली. शेवटची अट बाबांनी बोट उंचावून सांगितली. "बसवल्यावर त्या यंत्राला मनिषशिवाय कोणी हात लावायचा नाही."

मनिष म्हणजे आमच्या भागातला एसीवाला. बोलायला सुरुवात मराठीत करतो, मध्ये गुजराती, शेवट हिंदीत. आतलं यंत्र आमच्या खोलीत पलंगासमोर लागलं, बाहेरचा मोठा डबा गच्चीच्या कोपऱ्यात लोखंडी स्टँडवर. "बेन, रिमोट दाबा," मनिष म्हणाला. मी पूर्वीचा अंगठा धरून तिच्याकडूनच बटण दाबून घेतलं. आधी नुसती घरघर झाली. मग एक गार झुळूक आली, माझ्या कपाळावरून गेली आणि पूर्वीने डोळे मोठ्ठे केले. हवेत हात घालून ती काहीतरी पकडायला बघत होती!

त्या दुपारी ती झोपली. पोटावर, गुडघे दुमडून, ढुंगण वर करून, ओठ उघडे टाकून झोपली. मी शेजारी बसून राहिले. नाकाखाली बोट धरून श्वास बघितला. पाय गार पडले नाहीत ना बघितलं. उठून पिनेच्या सॉकेटला हाताची उलटी बाजू लावून बघितली, तापतंय का. परत येऊन श्वास. बाबा खाली मीटरसमोर खुर्ची टाकून बसले होते, लाल दिवा किती भराभर लुकलुकतो ते बघत. "सव्वीसच आहे ना?" त्यांनी जिन्यातून विचारलं. मी तोंडावर बोट ठेवून मान हलवली. मला नाचावंसं वाटत होतं.

दोन दिवस असे सोन्यासारखे गेले. तिसऱ्या दुपारी, पूर्वी नुकती झोपलेली, खालून आवाज आला. टक्!

झुळूक थांबली. बोर्डावरचा एसीचा खटका पडला होता. मी धावत जाऊन वर केला, एसी सुरू झाला. जरा वेळाने पुन्हा टक्! पूर्वी रडत उठली आणि मान खाजवायला लागली.

संध्याकाळी मनिष आला, तोवर एसी शहाण्यासारखा चालत होता. रात्रभरही चालला. दुसऱ्या दुपारी पुन्हा पडला. मनिष पुन्हा संध्याकाळी. "टेन्शन नको, बेन. दुपारी व्होल्टेज डाऊन असतो. कपॅसिटर बदलून टाकतो." बदलून टाकला. तरी दुपारी, टक्!

"व्होल्टेजला कशाला दोष देतो?" बाबा म्हणाले. "वायर दमलीय." त्यांनी मेन स्विच बंद करून बोर्डातले सगळे स्क्रू आवळले. पुढच्या दुपारी, टक्!

आता मला नवीनच धास्ती लागली. एसी पडायच्या आधी खोलीत एक वास यायला लागला होता. गोडसर, करपट, तळाला लागलेल्या पाकासारखा. मी सॉकेट हुंगलं, बोर्ड हुंगला, भिंतीला नाक लावून वायर जिथून गेली असेल तिथून तिथून हुंगत गेले. अनिकेतला फोन केला. "भिंतीतून वास येतोय."

"कसला?"

"गोड."

"वायर गोड जळत नाही, प्राजक्ता."

"मला नको शिकवू, मी बीएस्सी आहे. पण काहीतरी करपतंय."

तिकडून कचेरीतली माणसं हसल्याचं ऐकू आलं. मी फोन ठेवला आणि पूर्वीला घेऊन पायरीवर बसले. बाजूला गच्चीचा जिना होता. आई वरून खाली उतरत होत्या. एवढ्या उन्हात!

"आई, वर कुठे गेला होतात?"

"कपडे बघायला," त्या म्हणाल्या आणि झपझप खाली गेल्या. त्यांच्या टाचा पांढऱ्याफटक होत्या. कपडे तर मी सकाळीच काढून आणले होते. पण त्या क्षणी पूर्वी रडायला लागली आणि ते डोक्यातून गेलं.

मधेच एक दिवस आला आणि त्याने सगळ्यांनाच शहाणं करून टाकलं. त्या दिवशी आई शेजारच्या दक्षाबेनबरोबर महालक्ष्मीच्या यात्रेला गेल्या. सकाळी गेलेल्या बायका उन्हं उतरल्यावर परत आल्या, आणि अख्खी दुपार एसी एकदाही पडला नाही. पूर्वी पहिल्यांदा इतकी झोपली की मीच घाबरून तिला हलवून जागं केलं.

"स्क्रू आवळले ना मी," बाबा म्हणाले.

"कपॅसिटर ओरिजिनल टाकलाय, काका," मनिष फोनवर म्हणाला.

आईंनी पिशवीतून प्रसाद काढला. "काही नाही. मी देवीला नारळ ठेवला. म्हटलं, आमच्या घरातला तो एसी नीट चालू दे."

मी चमकले. एसी नीट चालावा म्हणून आई नारळ ठेवतात? छातीत गारठा बसवणारा एसी?

"तुम्हाला तर तो नकोच होता ना?"

"लेकरासाठी ठेवला गं," त्या म्हणाल्या आणि प्रसाद वाटायला बाहेर पडल्या.

दुसऱ्या दुपारी टक् झालं ते साधंसुधं नव्हतं. एसीबरोबर घराचा मेनच पडला. फ्रिज बंद, पंखे बंद, पाण्याची मोटर बंद. बाबा बोर्डासमोर उभे राहिले. तोच गोड करपट वास जिन्यातून खालपर्यंत आला होता. त्यांनी नाक वर करून तो घेतला आणि माझ्याकडे वळले. चेहऱ्यावर राग नव्हता, आणि त्यानेच मला जास्त भीती वाटली.

"प्राजक्ता, मी आयुष्यभर तारा बघितल्यात. पोर ज्या खोलीत झोपते त्या खोलीत मी असला वास चालवून घेणार नाही. रविवारी मनिष येईल आणि काढेल. चंद्रिकाकडे पाठवू. तिच्या फ्लॅटची वायरिंग नवीन आहे."

चंद्रिका म्हणजे माझी नणंद, वापीला असते. तिला बातमी पोचायला वेळ लागला नाही. "वहिनी, वाईट वाटतंय गं," ती फोनवर म्हणाली. "पण किती वाजता निघेल टेम्पो? म्हणजे मी घरी थांबते."

मी बाबांशी काय भांडणार? भीती तर मलाही तीच होती. एका बाजूला लेकीची सोललेली मान, दुसऱ्या बाजूला भिंतीत जळणारं काहीतरी. फक्त एक गोष्ट मला सोडत नव्हती. वायर दमलेली असेल तर ती रात्री का दमत नाही? आणि यात्रेच्या दुपारी का नाही दमली?

शनिवारी दुपारी मी झोपायचं नाटकही केलं नाही. पूर्वीला मांडीवर घेऊन बसले. वास आला. आज मी भिंतीला नाक लावलं नाही, डोळे उघडे ठेवले. खिडकीच्या चौकटीवर मुंग्यांची रांग लागली होती. वर जाणारी रांग रिकामी, खाली येणारीच्या तोंडात तपकिरी कण. वीज खायला मुंग्या येत नाहीत! मी रांगेमागे डोळे नेले. खिडकीतून बाहेर, पाइपावरून वर, गच्चीकडे.

खाली टक् झालं. मी पूर्वीच्या डोक्यावर ओला पंचा टाकला आणि तिला कडेवर घेऊन जिना चढले. पायऱ्यांवर चुन्याची पावलं होती, वर जाणारी आणि खाली येणारी. टाच रुंद, अंगठ्याशेजारच्या बोटाला जोडव्याचा ठसा.

गच्चीचं दार ढकललं आणि मी बघतच राहिले.

कोपऱ्यात तंबू उभा होता. आईंची जुनी नायलॉनची साडी, तीच फुलाफुलांची, एसीच्या डब्यावरून घेऊन समोर उभ्या केलेल्या खाटेवर ताणून बांधली होती. बाजूला दुसरी साडी. खाली जमिनीलगत वारा निसटू नये म्हणून विटा ठेवलेल्या. आतून तो ओळखीचा वास येत होता, आणि तंबूच्या फटीत अर्ध्या घुसलेल्या आई पुटपुटत होत्या, "मेल्या, आत्ता कुठे रंग धरत होत्या. परत बंद पडलास?"

"आई!"

त्या अशा दचकल्या की खाट हलली आणि सुपातून चिकूच्या चकत्या माझ्या पायापर्यंत घरंगळत आल्या.

आईंचं माहेर घोलवडचं. त्यांचे भाऊ, हिरूमामा, दर उन्हाळ्यात वाडीतले बारके चिकू क्रेट भरून पाठवतात, बाजारात न चालणारे पण साखरेसारखे गोड. त्याच्या वाळवलेल्या चकत्या करण्यात आईंचा हात धरणारं डहाणूत कोणी नाही. पण ह्या वर्षी हवा अशी दमट होती की पहिला घाणा बुरशीने गेला. त्या रडकुंडीला आल्या होत्या, हे मला आठवत होतं. पुढे काय झालं ते मात्र मी विचारलं नव्हतं.

"एसी लागला त्या दिवशी वर आले," आई सांगायला लागल्या, "तर इथून असा कोरडा, कढत वारा! गं, आपल्या गावात असा वारा मिळतो का कधी? आणि नुसता गच्चीवर फुकट जातोय. मी म्हटलं, एक सूप ठेवून बघू. संध्याकाळपर्यंत खुटखुटीत! मग कावळे यायला लागले म्हणून साडी टाकली. मग धूळ नको म्हणून दुसरी."

"आणि विटा?"

"त्या दक्षाबेनने सुचवल्या."

म्हणजे दक्षाबेनना माहीत होतं! अख्ख्या गल्लीला माहीत असेल! मला हसावं का ओरडावं ते कळेना. पूर्वीने मात्र कडेवरून हात लांबवून सुपातली एक चकती उचलून तोंडात घातली होती आणि ती चोखण्यात गुंग होती.

"आई, एसी ह्यामुळेच पडत होता."

"ह्यामुळे कसा?" त्या खरोखरच दुखावल्या. "आतली गार हवा तुमची, बाहेरची गरम माझी. मी तुमचं काय घेतलं? मी तर बाहेर टाकलेलं उचललं! आणि तो पडला की माझंही नुकसानच ना? अर्ध्या ओल्या राहतात फोडी. म्हणून तर देवीला नारळ ठेवला."

मी त्यांना तंबूशेजारी बसवूनच समजावलं. ह्या डब्याचं काम खोलीतली उष्णता बाहेर फेकायचं. त्याला श्वास घ्यायला मोकळी हवा लागते. तंबूत कोंडल्यावर तो स्वतःचाच गरम श्वास पुन्हा पुन्हा ओढत राहतो, तापतो, जास्त वीज खेचतो आणि शेवटी खटका पडतो. रात्री तंबू नसतो म्हणून पडत नाही. यात्रेच्या दिवशी तुम्हीच नव्हतात.

आईंनी साडीच्या पदराने तोंड पुसलं. "तोंडावर दुपटं टाकल्यासारखं?"

"अगदी तसंच."

त्या उठल्या. मग गाठी सोडायला लागल्या, एकेक, दातांनी. "ह्यांना सांगू नकोस," त्या हळूच म्हणाल्या. "मी एसीला किती बोललेय. आणि हात लावायचा नाही म्हणून बजावलं होतं. आयुष्यभर चिडवतील मला."

"मी नाही सांगणार," मी म्हटलं. "पण उद्या मनिष पान्हे घेऊन येणार आहे."

तंबू गेला आणि एसी संध्याकाळपर्यंत चालला. मी खाली जाऊन बाबांना म्हटलं, "बघा, आज नंतर पडला नाही. राहू द्या ना."

"यात्रेच्या दिवशीही चालला होता," ते म्हणाले. "दुसऱ्या दिवशी मेन घेऊन पडला. का पडतो ते कळल्याशिवाय चालला म्हणजे काय? सिग्नल आपोआप हिरवा झाला तर मी गाडी सोडत नसे."

मी आईंकडे बघितलं. आई तांदूळ निवडत होत्या. एकही खडा न सापडता निवडत होत्या.

रविवारी भर दुपारी मनिष आला. अनिकेत घरी होता. मी त्यालाही काही सांगितलं नव्हतं. गल्लीच्या तोंडाशी टेम्पो उभा राहिला. पूर्वी एसीत झोपली होती, शेवटची झोप म्हणून मी तिच्या गालावरून बोट फिरवत होते. मान थोडी सुकली होती. दिसत होती सुकलेली! मनिष वर गच्चीवर गेला. पान्हा लोखंडाला लागल्याचा आवाज झाला. मी उठलेच. आता तोंड उघडणार, दिलेला शब्द गेला खड्ड्यात!

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. आई. काखेत घडी केलेली फुलाफुलांची साडी, हातात चकत्यांचं सूप. माझ्याकडे न बघता त्या सरळ वर गेल्या आणि आवाज आला, "थांब रे मनिष. तो का पडतो ते मी दाखवते."

मग जे झालं ते आमच्या घरात कधी झालं नव्हतं. सगळं घर एसी पडायची वाट बघत होतं!

बाबा खाली बोर्डासमोर, हातात टेस्टर. अनिकेत जिन्याच्या वळणावर. मी वर दारात, एक डोळा पूर्वीवर. आईंनी खाट उभी केली, सूप आत ठेवलं, साडी ताणली, गाठी मारल्या. मनिष डोक्याला हात लावून उभा. "मासी, कॉम्प्रेसरचा जीव घेता का? असं कोण करत नाय!"

"मी रोज करते," आई म्हणाल्या.

"काय?" खालून बाबा ओरडले. "काय म्हणाली?"

"तुम्ही खटका बघा!" आई वरून ओरडल्या. "पडला का?"

"नाही."

"पडला का?"

"नाही अजून!"

वेळ जायला लागला. एसी आपला सुखाने गुरगुरत होता. आईंच्या कपाळावरून घाम ओघळला. "रोज पडतो मेला, आज काय झालं ह्याला?" मनिष हसू दाबत होता. अनिकेतने जिन्यातून मला खुणेने विचारलं, हे काय चाललंय? नाही पडला तर? आईंचं कोणी खरं मानणार नाही, आणि टेम्पो खाली उभा आहे. पड ना, पड ना रे!

पलीकडच्या गच्चीवर दक्षाबेन पापड उलटत होत्या. कठड्यावरून आईंकडे बघत त्यांनी मान बाहेर काढली. "अहिल्याबेन, विटा क्यां छे? आज विटा नाही ठेवल्या?"

"अगं बाई, विटा!"

आई धावल्या, मी धावले, मनिषसुद्धा धावला. चार बाजूंनी विटा लागल्या. साडी फुग्यासारखी फुगली. आतून वास यायला लागला, गोड, करपट. डब्याचा आवाज जड झाला. आम्ही श्वास धरून उभे.

टक्!

"पडला!" बाबा ओरडले. त्यांचा आवाज असा आनंदाने फाटलेला मी कधी ऐकला नव्हता. "पडला, पडला!"

"पडला!" आई टाळ्या पिटत ओरडल्या. दक्षाबेनही टाळ्या वाजवायला लागल्या. खाली टेम्पोवाल्याने हॉर्न दिला, त्याला वाटलं सामान उतरलं.

आणि मग बाबा जिना चढून आले. गुडघ्यांमुळे दोन उन्हाळे ते गच्चीवर आले नव्हते. कठडा धरत धरत वर पोचले, तंबू बघितला, विटा बघितल्या, आईंच्या पांढऱ्या टाचा बघितल्या. आई पदर खोचून समोर उभ्या.

"चिकू?" बाबांनी विचारलं.

"हिरूने पाठवलेले."

"माझ्या नाकाखाली?"

"नाकावर. गच्चीवर."

बाबांनी तंबूत हात घातला, एक चकती काढली, तोंडात टाकली आणि बराच वेळ चावत राहिले. आम्ही सगळे त्यांच्या जबड्याकडे बघत होतो. "गेल्या वर्षीपेक्षा चांगली झालीय," शेवटी ते म्हणाले. "मनिष, ते पान्हे खाली ठेव. आता हा तंबू सोडून संध्याकाळपर्यंत चालवून बघू. दोन्ही बाजूंनी खात्री केल्याशिवाय मी सही करत नाही."

मोकळा श्वास मिळाल्यावर एसी चहाच्या वेळेपर्यंत चालला, दिवेलागणीपर्यंत चालला. मग तो बंद करून मनिषने सहज म्हणून पीन उपसली, तर तिचा एक पाय तपकिरी पडला होता. सॉकेट सैल होतं.

"हे बघ!" बाबा खुर्चीवरून उठलेच. "मी म्हणत होतो! वायर दमलीय म्हणत होतो!"

"वायर नाय काका, सॉकेट."

"तेच ते!"

मी मात्र ती पीन हातात घेऊन बघितली. मी इतक्या वेळा हाताची उलटी बाजू लावली होती, आणि आतलं दिसलंच नव्हतं. मनिषने बोर्डापासून एसीपर्यंत वेगळी जाड लाइन ओढली, सॉकेट बदललं, अर्थिंग तपासलं. बाबांनी ते टेस्टरने पुन्हा तपासलं. मग मी हुंगलं. काही वास नव्हता.

चंद्रिकाचा फोन आला तो आईंनी घेतला. "नाही गं, टेम्पो परत पाठवला. का म्हणजे? आम्हाला लागतो तो. तुला चकत्या पाठवते डबाभर."

बाबांनी अनिकेतकडून गच्चीवर उरलेल्या चुन्यात पिवळा रंग कालवून डब्यापासून चांगलं लांब एक पट्टा ओढून घेतला, रेल्वेच्या फलाटावर असतो तसा. पट्ट्याच्या आत खाट नाही, साडी नाही, वीट तर नाहीच. पट्ट्याच्या बाहेर उघड्या खाटेवर सुपं, वर फक्त विरळ जाळी. वारा तिथपर्यंत पोचतो. चकत्या वाळायला थोडा जास्त वेळ घेतात, पण वाळतात. पूर्वीच्या मानेवर आता फक्त फिकट गुलाबी ठिपके उरलेत. मी रोज उजेडात नेऊन बघते.

आज दुपारी तिला भरवत होते. अजून तिचे डोळेही जड झाले नव्हते, तोच वरून हाक आली.

"प्राजक्ता! अगं, एसी लाव ना! फोडी कापून झाल्यात!"

"आई, ती अजून झोपली नाहीये!"

"मग झोपव की तिला!"

आणि खालून, मीटरसमोरून बाबा, "सव्वीसवर!"